'माझं शहर'साठी दहा फोटो हवेत आणि माझ्याकडे फुटाळ्याशिवाय काहीच नाही

पत्र (थोडं कापून):

ताई, मी नागपूरच्याच एका कॉलेजात फोटोग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सेमिस्टरला चार असाइनमेंट आहेत. 'माझं शहर' यावर दहा फोटोंची मालिका, एकाच वस्तूचे वेगवेगळ्या उजेडात सहा फोटो, पाच अनोळखी लोकांची पोर्ट्रेट आणि या सगळ्याचं जर्नल, ज्यात कॉन्टॅक्ट शीट (काढलेल्या सगळ्या फ्रेम क्रमाने एका पानावर) आणि शेवटी एक पानाचं स्टेटमेंट. शहराचे फोटो मी काढून दाखवले, फुटाळा तलावाचा सनसेट, दीक्षाभूमी, झिरो माइलचे घोडे, मेट्रो, संत्र्याचे ठेले. सर म्हणाले फोटो नीट आहेत पण यात तू कुठंय, आणि पुढच्या मुलाकडे वळले. तेव्हापासून मला काही सुचूनच नाही राहिलं. वर्गात अर्ध्या मुलांकडे फुल फ्रेम आहे, माझ्याकडे दादाचा जुना क्रॉप सेन्सर आणि १८-५५ ची किट लेन्स. बर्डीत एक लेन्स बघून ठेवली, ईएमआयवर मिळते. मैत्रीण म्हणते दोन-तीन फोटो एआयवर बनव, कोणाला कळते. बाबा म्हणतात शेवटी लग्नाचेच फोटो काढायचे न, मग एवढी फी कशाला. आणि अनोळखी माणसासमोर कॅमेरा काढला की माझे हातच थरथरतात. सबमिशन मेच्या पहिल्या आठवड्यात आहे. लेन्स घेऊ? की कोर्सच सोडू?
– गोंधळलेली, मानेवाडा

अगं पोरी, आधी लेन्सचा निकाल लावते कारण तो भाग सोपा आहे. घेऊ नको. तुझ्या चारपैकी एकही असाइनमेंट अशी नाही जी १८-५५ ने होणार नाही. क्रॉप सेन्सर म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर, त्यावर १८ ला साधारण फुल फ्रेमच्या २८ एवढं रुंद दिसतं आणि ५५ ला साधारण ८५ सारखं, आणि ८५ तर लोक पोर्ट्रेटसाठी मुद्दाम पैसे मोजून घेतात. किट लेन्स मार खाते ती कमी उजेडात, ५५ वर ती एफ ५.६ च्या पुढे उघडतच नाही (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी), पण एप्रिलच्या नागपुरात उजेड कमी पडला असं कोण म्हणेल, आणि घरातल्या फोटोंना ट्रायपॉड लावता येतो. होमाई व्यारावाला, आपल्या देशातल्या पहिल्या महिला फोटो जर्नलिस्ट, त्या ज्या रोलीफ्लेक्सवर काम करायच्या तिची लेन्स बदलताच येत नाही, जवळचं हवं तर आपण चालत जवळ जायचं. वर्गातल्या कॅमेऱ्यांकडे बघून वाईट वाटतं हे मला कळतं गं, पण ईएमआय महिन्याच्या महिन्याला येतो आणि तुझी कमाई सुरू नसताना तो घरच्यांच्या डोक्यावर बसतो, आणि घरी आधीच फीवरून बोलणं चालू आहे न. काही आणायचंच असेल तर काळा चार्ट पेपर, थर्माकोलची एक शीट, बटर पेपरचे दोन-तीन ताव आणि एक साधा ट्रायपॉड आण, ट्रायपॉड कॉलेजमधून किंवा कोणाच्या ओळखीत मिळाला तर तोही विकत घेऊ नको.

आता सरांचं. ते बोलणं तुला लागलं हे पत्रात दिसतंच. वळून निघून गेले ते काही चांगलं नाही केलं त्यांनी, दोन मिनिटं थांबून सांगायला हवं होतं. पण प्रश्न बरोबर विचारला. तू काढलेल्या जागांची यादी परत वाच. फुटाळा, दीक्षाभूमी, झिरो माइल, मेट्रो, संत्री. या जागा फोटोसाठी आधीच ठरून गेलेल्या आहेत, कुठं उभं राहायचं तेही ठरलेलं, कोणत्या वेळेला जायचं तेही ठरलेलं, झिरो माइलला घोडे पुढे आणि खांब मागे येईल असाच प्रत्येक जण उभा राहतो कारण दुसरीकडून ट्रॅफिक येते फ्रेममध्ये. म्हणजे निवड करायला तुझ्यासाठी काही उरतच नाही. सर तुझी निवड मागून राहिले. ती दाखवायची तर विषय लहान करावा लागेल, इतका लहान की आधी तुला वाटेल यात दहा फोटो कसे निघतील, आणि मग त्याच एका गोष्टीकडे परत परत जायचं. दहा जागी एकदा जाऊन आलेले फोटो आणि एका जागी पुन्हा पुन्हा गेलेले फोटो, टेबलावर ठेवले की दोन मिनिटांत ओळखू येतात. मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ बघते, ज्यांचं काम लक्षात राहिलं त्यांच्यापैकी जवळपास सगळ्यांनी एक छोटी गोष्ट पकडली होती आणि सोडली नव्हती.

तुला एक विषय सुचवते, पटला तर घे. कूलर.

हसू नको. मार्च संपत आला, म्हणजे या दोन-तीन आठवड्यांत अख्ख्या शहरात कूलर निघून राहिले. गच्चीवरून, बाल्कनीतून, पलंगाखालून, प्लास्टिक गुंडाळून ठेवलेले जस्ती पत्र्याचे ते डबे खाली येतात, टाकी घासली जाते, कोणी तिला आतून रंग मारतो, जुन्या ताट्या, म्हणजे बाजूचे पाणी धरणारे पॅड, काढून फेकतात आणि नवीन बसवतात, पंप चालतो का बघतात आणि तो कधीच पहिल्या झटक्यात चालत नाही, मग कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याला बोलावणं जातं. रस्त्याच्या कडेला ताट्यांचे ढीग लागतात, वाळ्याच्या वेगळ्या, लाकडाच्या वेगळ्या. खिडकीला लोखंडी स्टँड असतो तो वर्षभर रिकामा असतो आणि एप्रिलमध्ये अचानक भरतो. आणि हे इथं विदर्भात एवढं का, याचंही कारण तुझ्या स्टेटमेंटमध्ये येऊ शकतं. कूलर चालतो तो पाणी वाफ होण्यावर, हवा जितकी कोरडी तितकं पाणी भराभर उडतं आणि तितकी हवा गार होते. मुंबईच्या दमट हवेत त्याच डब्याने खोली नुसती ओली होईल. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो पण हवा कोरडी म्हणून कूलर कामाचा, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तोच कूलर चिकचिक करायला लागतो आणि लोक नुसता पंखा चालवतात. म्हणजे कूलरचे फोटो हे या शहराच्या हवेचेच फोटो झाले. शिवाय पाण्याचे. ज्या वस्तीत नळ तासभर येतो तिथं कूलरला बादलीने पाणी कोण घालतं, रात्री उठून कोण घालतं, बहुतेक घरी ती बाईच असते. फ्लॅटमध्ये एसीच्या बाहेरच्या युनिटशेजारी कूलर लावलेला दिसतो, म्हणजे एसी पाहुण्यांसाठी आणि बिलाच्या भीतीने रोजचा कूलर. टिनाच्या घरात एकच कूलर आणि त्याच्यासमोर कोणाची गादी पडेल यावरून भांडण. आता सांग यात दहा फोटो निघत नाहीत का.

हे दोन पद्धतीने करता येईल आणि दोन्ही एकात मिसळू नको, तिथे मुलं हमखास घसरतात.

एक पद्धत म्हणजे सगळे कूलर एकाच शिस्तीत. जर्मनीतलं एक जोडपं होतं, बर्न्ड आणि हिला बेचर, त्यांनी १९५९ पासून कित्येक दशकं पाण्याच्या टाक्या, गॅसच्या टाक्या, लोखंडाच्या भट्ट्या असल्याच गोष्टींचे फोटो काढले, सगळे सरळ समोरून, सगळे ढगाळ सपाट उजेडात, आणि ते जाळीसारखे शेजारी शेजारी लावले. एक टाकी बघून काही वाटत नाही, नऊ एकत्र लावल्या की प्रत्येकीचा स्वभाव दिसायला लागतो. तुला असं करायचं असेल तर नियम आधी जर्नलमध्ये लिही आणि मग मोडू नको. झूम एकाच आकड्यावर, ३५ ठीक राहील, तिथं टेपचा छोटा तुकडा चिकटव म्हणजे सरकणार नाही. अॅपर्चर एफ ८. कॅमेरा कूलरच्या उंचीला, खिडकीच्या उभ्या रेषा सरळ, कूलर फ्रेमच्या मधोमध आणि आजूबाजूला भिंत सारखी सुटलेली. ढग काही तुला एप्रिलमध्ये मिळणार नाहीत, पण सपाट उजेड मिळतो. पश्चिमेकडची भिंत सकाळी सावलीत असते, पूर्वेकडची दुपारनंतर. म्हणजे आधी एक चक्कर नुसती वही घेऊन मार, कोणता कूलर कोणत्या दिशेला आहे ते लिही, आणि त्याप्रमाणे सकाळ-संध्याकाळ वाटून घे. मानेवाडा ते हुडकेश्वर एवढ्यातच तुला पाहिजे तेवढे मिळतील, स्कूटीने अख्खं नागपूर पालथं घालायची गरज नाही. एक मात्र आहे, कूलर लोकांच्या खिडकीत असतो आणि खिडकीच्या आत लोकांची झोपायची खोली असते, तेव्हा बेल वाजवून विचारल्याशिवाय एकही फोटो काढू नको. रस्त्यावरून दिसतं म्हणून काढला असं चालत नाही.

दुसरी पद्धत म्हणजे एकच घर, एकच कूलर, माळ्यावरून उतरवण्यापासून पहिल्या रात्री गार हवा येईपर्यंत. इथं माणसं येतात, हात येतात, ओला फरशीचा कोपरा येतो, सांडलेल्या पाण्यावरून आईचं बोलणं येतं (ते फोटोत ऐकू येत नाही पण चेहऱ्यावर येतं). यासाठी ते घर तुला मोकळेपणाने वावरू देणारं पाहिजे, आपलं किंवा मावशीचं वगैरे. मला विचारशील तर तू ही दुसरी करावी, कारण पहिल्या पद्धतीला खूप थंड डोकं लागतं आणि तुझ्या पत्रावरून मला वाटतं तुला माणसांच्या जवळ जायचं आहे, फक्त भीती वाटते. पण ठरव तू.

कूलर नसेलच पटत तर विषय तुझ्याकडे अजून आहेत. कळमन्याला मृग बहाराच्या संत्र्याचा शेवटचा माल येतो आहे, तो सीझन संपतानाचा बाजार भरलेल्या बाजारापेक्षा बघण्यासारखा असतो. १४ एप्रिल येतोय, आणि दीक्षाभूमीचा स्तूप काढण्यापेक्षा तुझ्या गल्लीत जयंतीची तयारी रात्री कशी होते, पताका कोण लावतं, वर्गणी कोण मागतं, निळा रंग कुठून येतो हे काढता येईल, पण ते आपल्या वस्तीतलं, आपल्या ओळखीतलं असेल तर. गर्दीत लांबून झूम करून काढलेले चेहरे मला आवडत नाहीत, ज्या माणसासाठी तो दिवस श्रद्धेचा आहे त्याला आपण सीनरी करून टाकतो. मारबत, ती मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, तुला मिळणार नाही, ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पण पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टसाठी डोक्यात ठेव, आणि तेव्हा मिरवणुकीला जाण्याआधी जागनाथ बुधवारीत पिवळी मारबत बनताना जाऊन बस.

उजेडाच्या असाइनमेंटला मुलं उगीच घाबरतात, खरं तर मार्क मिळवायला तीच सगळ्यात सोपी आहे आणि शिकायलाही तीच सगळ्यात मोठी. वस्तू अशी घे जिच्यात चकाकीही आहे आणि खडबडीतपणाही. इथं मात्र संत्रं घे. शहर म्हणून ते सगळ्यांनी काढलंय, पण वस्तू म्हणून त्याच्या सालीवरची बारीक छिद्रं, एक सोललेली फोड, फोडीच्या आतला रस, यात उजेड काय काय करतो ते फार सुंदर दिसतं. समोरून उजेड टाकला की साल सपाट दिसते, बाजूने टाकला की एकेक छिद्र वर येतं, आणि फोड खिडकीसमोर धरून मागून उजेड घेतला की ती आतून पेटल्यासारखी दिसते. किट लेन्स साधारण पाव मीटरपर्यंत जवळ फोकस करते, तेवढं पुरे. तीन-चार संत्री सारख्या आकाराची आणून ठेव, दिवसभर ठेवलं की साल सुकून मऊ पडते आणि पहिल्या-सहाव्या फोटोत तो फरक दिसतो.

आणि एक गोष्ट नक्की कर. सहाही फोटोंना व्हाइट बॅलन्स एकाच जागी बांधून टाक, डेलाइट, साधारण ५५०० केल्विन. ऑटोवर ठेवलास तर कॅमेरा प्रत्येक उजेड पांढरा करायला बघतो आणि तुझी असाइनमेंटच पुसून टाकतो. बांधून ठेवलास की गच्चीवरच्या सावलीतलं संत्रं निळसर येईल, पिवळ्या बल्बखालचं भडक केशरी, कोणाच्या दुकानासमोरच्या हिरव्या नेटखाली धरलंस तर हिरवट, आणि हेच तर सरांना बघायचं आहे. सहापैकी एक भर दुपारी गच्चीवर घे. नागपूर २१ अक्षांशावर आहे, मेच्या शेवटच्या आठवड्यात इथं दुपारी बारानंतर थोड्याच वेळात सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते, एप्रिलच्या मध्यातही सावली बुडाशीच गोळा झालेली असते. मीटर न बघता सेटिंग लाव, एफ १६ आणि आयएसओ १०० ला शटर १/१००, कडक उन्हात हे जुनं गणित अजूनही बसतं, आणि जर्नलमध्ये लिही की असं काढलं. एक फोटो बल्बचा कर, आणि त्यातच बल्ब एक फुटावर आणि दोन फुटांवर असे दोन काढून बघ, अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), हे पुस्तकात वाचून पाठ होतं पण हाताने केलं की कळतं. बल्ब उघडा ठेवशील तर हे नीट बसेल, मोठ्या खिडकीला हे गणित असं सरळ लागू होत नाही. काळा चार्ट पेपर एका बाजूने लावून बघ, थर्माकोल लावून बघ, सावली किती उघडते ते बघ. जागा बदलली तरी कॅमेरा ट्रायपॉडवरच असू दे, सहाही फोटोंत कोन एकच.

आता तुझे थरथरणारे हात. हे सगळ्यात जास्त मुली विचारतात, मुलंही विचारतात पण लाजत लाजत. यावर माझं मत पक्कं आहे, कॅमेरा बॅगेत ठेवून जा. आधी माणसाशी बोल. "काका, मी फोटोग्राफी शिकते, कॉलेजचं काम आहे, तुमचा एक फोटो काढू का" एवढं वाक्य घरी आरशासमोर मोठ्याने म्हण. नाही म्हणाले तर "बरं काका, हरकत नाही" आणि पुढे. नागपूरची माणसं नाही कमी म्हणतात, उलट बस म्हणतात, चहा घे म्हणतात, कोणत्या गावची, बाप काय करते सगळं विचारतात, आणि ती दहा मिनिटंच तुझा फोटो बनवतात कारण तोपर्यंत माणूस कॅमेऱ्यासाठी ताठ उभा राहायचं विसरतो. मग कॅमेरा काढ. हातांचं म्हणशील तर शटर १/२०० च्या खाली जाऊ देऊ नको, कोपर पोटाला टेकव, दोन-तीन फ्रेम सलग घे, थरथर फोटोत येणारच नाही.

उजेड शोधायचा तर दुकानाचं दार शोध. माणसाला उंबऱ्यापाशी उभं कर, तोंड रस्त्याकडे, वर छप्पर किंवा शटर म्हणजे ऊन थेट पडत नाही, समोरून रस्त्याचा मोकळा उजेड चेहऱ्यावर येतो आणि मागे दुकानाचा अंधार. हा उजेड स्टुडिओत लावायला पैसे पडतात, इतवारीत, महालात, गोकुळपेठेत तो प्रत्येक दारात फुकट आहे. झूम ५५ वर, एफ ५.६, मागची भिंत किंवा कपाट दहा-बारा फूट लांब असेल तर ते मऊ होतं, फुल फ्रेमइतकं नाही पण पुरेसं. फोकस जवळच्या डोळ्यावर.

पाच जण कुठूनही उचलू नको. कूलर घेतलास तर पाच जण त्याच कामातले घे, ताट्या विकणारा, पंप दुरुस्त करणारा, पत्रा वाकवणारा, हातगाडीवर कूलर वाहून नेणारा, रंगवणारा. मग दोन असाइनमेंट एकमेकींना धरून राहतात आणि तुझं अर्धं फिरणं वाचतं. होमाईंनी जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना आपल्या वर्गातल्या मुलींचेच फोटो काढले, आणि आज त्या काळातली शिकणारी मुंबईतली तरुण मुलगी कशी दिसायची हे आपल्याला त्या फोटोंतून कळतं. तेव्हा ते छापून यायचे माणेकशांच्या नावाने, ज्यांच्याशी त्यांनी लग्न केलं. जवळची, साधी माणसं घेतली म्हणून काम लहान होत नाही.

आणि ज्यांचा फोटो काढलास त्यांना प्रिंट नेऊन दे. ४ बाय ६ चा प्रिंट लॅबमध्ये फार महाग नसतो. मोबाइलवर पाठवते म्हणणारे खूप येतात आणि पाठवत कोणीच नाही, त्यामुळे प्रिंट घेऊन परत आलेल्या पोरीला ती गल्ली विसरत नाही, पुढच्या वेळेला तोच काका तुला आणखी चौघांकडे घेऊन जातो. लहान मुलांचा फोटो आई-बापाला विचारून. पहाटे कॉटन मार्केटला वगैरे जायचं असेल तर एकटी जाऊ नको, एखादी मैत्रीण घे, तिचीही असाइनमेंट असेलच. सीताबर्डीच्या किल्ल्याकडे कॅमेरा रोखू नको, तो लष्कराच्या ताब्यात आहे, आणि मेट्रो किंवा रेल्वे स्टेशनच्या आत मोठा कॅमेरा काढायच्या आधी तिथल्या ऑफिसात विचार, कॉलेजचं पत्र जवळ असलं की काम सोपं होतं. ते पत्र आजच मागून ठेव.

एआयचं थोडक्यात. करू नको. पकडली जाशील म्हणून नव्हे, तशी पकडलीही जाशीलच, सर कॉन्टॅक्ट शीट मागतात ती यासाठीच, आधीची-नंतरची फ्रेम कुठून आणणार. पण बनवलेल्या फोटोत तू कोणत्याच दारात उभी राहिलेली नसतेस, कोणाशी बोललेली नसतेस, आणि ही असाइनमेंट दिली ती तेवढ्यासाठीच.

जर्नल शेवटच्या रात्री लिहू नको. रोज घरी आल्यावर चार ओळी, तारीख, जागा, किती वाजता, उजेड कुठून, काय जमलं नाही. जमलं नाही ते नक्की लिही, परीक्षक ते आधी वाचतात. फोटो निवडताना सगळे दीडशे-दोनशे लॅपटॉपवर बघून दहा काढता येत नाहीत, डोळा थकतो. त्यातले तीस-चाळीस स्वस्तात छोटे प्रिंट काढून आण आणि घरात फरशीवर पसर, पंखा बंद करून. दोन दिवस तसेच राहू दे, येता-जाता बघ. जे दोन फोटो एकच गोष्ट सांगतात त्यातला एकच ठेव. तुला जो सर्वात आवडतो पण बाकीच्यांत बसतच नाही तो काढून टाक, हे जड जातं पण कर. दादाला किंवा आईला विचार, पण "कसा आहे" विचारू नको, "यात काय चाललंय" विचार. त्यांनी भलतंच सांगितलं तर तो फोटो काम करत नाही.

स्टेटमेंटमध्ये मोठे शब्द नकोत. "मानव आणि निसर्ग यांच्यातील द्वंद्व" वगैरे वाचून परीक्षक पान उलटतात. काय काढलं, का काढलं, कसं काढलं, कुठं अडलं. आपण बोलतो तसं. कूलर पाण्याच्या वाफेवर चालतो हे एक वाक्य, रात्री पाणी कोण घालतं हे एक वाक्य, त्याने काम होतं.

बाबांचं. लग्नाचे फोटो म्हणजे काही कमीपणा नाही, हे आधी तू मनातून काढ कारण मला वाटतं बाबांच्या बोलण्यातलं तेच तुला टोचलं. मंगल कार्यालयाच्या त्या रंगीबेरंगी लाइटमध्ये, धक्काबुक्कीत, एकदाच होणाऱ्या अंतरपाटाच्या क्षणाला फोकस चुकू न देणं हे वर्गात कोणी शिकवत नाही. एप्रिल-मेमध्ये सीझन आहे, सबमिशन झालं की एखाद्या चांगल्या फोटोग्राफरकडे असिस्टंट म्हणून जा, लाइट धर, बॅग सांभाळ, बघ. चार पैसे येतील आणि बाबांना उत्तर बोलून द्यावं लागणार नाही. आणि त्याच्या आधी, या मालिकेसाठी त्यांना कामाला लाव. कूलर माळ्यावरून कोण उतरवतं तुमच्याकडे? बाबाच न? मग त्यांना सांग की रविवारी उतरवू आणि मी फोटो काढणार. विचारतील काहून, तर नीट सांग, सरांनी काय विचारलं तेही सांग. फी कशासाठी भरतो हे त्यांना कोणी दाखवलेलं नाही, ते फक्त तुला कॅमेरा गळ्यात घालून बाहेर जाताना बघतात.

कोर्स सोडायचा विचार आत्ता करूच नको. तो निर्णय मे संपल्यावर, हे काम हातातून गेल्यावर घे, आणि तेव्हाही सोडावासा वाटला तर मला परत लिही, मी तुला रागावणार नाही, खरंच नाही. पण एका वाक्यावरून आणि एका न घेतलेल्या लेन्सवरून दोन वर्षं टाकून देऊ नये.

फाइलींचं तेवढं बघ. कार्डवरून लॅपटॉपवर आणि लॅपटॉपवरून पेन ड्राइव्ह किंवा दादाच्या हार्ड डिस्कवर, त्याच रात्री, आणि दोन्हीकडे उतरल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. रॉ मध्ये (कॅमेऱ्याची मूळ, न दाबलेली फाइल) काढ, जेपेग सोबत असू दे. लॅबमध्ये आधी एकच टेस्ट प्रिंट काढून बघ, तुझ्या लॅपटॉपचा ब्राइटनेस फुल असेल तर प्रिंट गडद येणारच, त्याप्रमाणे सगळे थोडे उजळ कर आणि मग बाकीचे दे. आणि फायनल प्रिंट सबमिशनच्या चार-पाच दिवस आधी टाक, शेवटच्या दोन दिवसांत शहरातली सगळी कॉलेजं त्याच काउंटरवर उभी असतात.